किल्लीचा ओळंबा

माझं लग्न ठरलं ते मला डोळा मारता येत नाही म्हणून. हे ऐकून लोक हसतात, आणि मी ते लोकांना हसवण्यासाठीच सांगतो असं आमच्या हिचं, म्हणजे वृंदाचं, म्हणणं आहे. पण गोष्ट अगदी खरी आहे.

वृंदाचे आईवडील सांगलीला. मी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका खात्यात नुकता चिकटलेला. तेव्हा मुलगा बघून घ्यायचं काम तिच्या करोल बागेतल्या मामांकडे आलं. मी उसना टाय बांधून, पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. मामींनी दार उघडलं, "या, बसा" म्हणाल्या, आणि मी समोरच्या खुर्चीकडे वळलो तशा ओरडल्या, "तिथे नको! त्याच्या समोर नको!"

जेवणाच्या टेबलावर लाकडी चिमट्यात पकडलेली एक रायफल होती. तिचं तोंड माझ्या टायच्या गाठीकडे होतं.

माझ्या हातातला पुडा कुठे पडला ते मला आजही सांगता येणार नाही. रायफलीमागून एक किडकिडीत गृहस्थ वर आले. एक चष्मा कपाळावर, दुसरा गळ्यात, अंगात बनियन आणि खाली पट्टा लावलेली इस्त्रीची पॅंट.

"बोल्ट काढलाय. नुसती पोकळ नळी आहे," ते म्हणाले. "घाबरायचं काही नाही. मागून या. नळीतून बघा. काय दिसतं?"

मी वाकलो. "अंधार."

"एक डोळा मिटा."

मी मिटला. माझे दोन्ही मिटले. "अजून अंधार."

"एकच मिटा हो!"

"येत नाही मिटता, मामा." मी त्यांना तिथल्या तिथे मामा म्हणून टाकलं, भीतीने. शेवटी त्यांनी स्वतःच्या तळव्याने माझा डावा डोळा झाकला, आणि नळीच्या टोकाला एक उजेडाचं वर्तुळ दिसलं. त्यात समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण, झाकणावर कावळा.

"झाकण नळीच्या मधोमध आहे ना? आता रायफल तसूभरही न हलवता वरच्या दुर्बिणीतून बघा. दुर्बिणीतली फुली कुठे आहे?"

"टाकीच्या बाजूच्या अँटेनावर."

"ती झाकणावर आणायची. नळी आणि नजर एकाच जागी बघायला लागल्या की अर्धं काम झालं. पुढचं रेंजवर, गोळ्या झाडून."

माझा पगार, गोत्र, व्यसनं, काही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी सांगलीला फोन लावला. "मुलाला डोळा मारता येत नाही," ते म्हणाले. "बिनधास्त द्या."

लग्नानंतर आम्ही त्यांच्याच गच्चीवरची एकुलती खोली, दिल्लीच्या भाषेत बरसाती, भाड्याने घेतली. त्यामुळे ते माझे मामेसासरे आणि घरमालक असे दोन्ही झाले, आणि मला धक्के बसण्याची कायमची सोय झाली.

मामांनी सारी नोकरी जमिनी मोजण्यात घालवली होती. राजस्थानचं वाळवंट, हिमाचलचे डोंगर, सगळं त्यांनी तिपाईवरच्या दुर्बिणीतून, फुलीच्या रेघांमधून पाहिलं होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खात्याचा पितळी ओळंबासुद्धा परत केला. तो कोणी मागितला नव्हता. "सरकारी वस्तू घरी ठेवली की घर वाकडं होतं," ते म्हणाले. पण दुर्बीण सुटली तरी फुली सुटेना. त्यांची मुलगी मंजू कॉलेजात असताना नेमबाजीला लागली होती. तिच्या रायफलीवर दुर्बीण बसवता बसवता त्यांचं नाव तिच्या क्लबात झालं आणि दिल्लीतले हौशी नेमबाज आपापल्या रायफली घेऊन जिना चढायला लागले. कोणाकडून चहासुद्धा घेत नसत. उलट मामीच त्यांना चहा करून देत, आणि कप ठेवताना म्हणत, "आमच्याकडे जावई येतात त्यापेक्षा बंदुका जास्त येतात."

एकदा समोरच्या गच्चीवाल्यांनी तक्रार केली आणि हवालदार वर आला. मी दारातच होतो. केंद्र सरकारी नोकर, पोलीस, रायफल, हे तीन शब्द माझ्या डोक्यात एका ओळीत उभे राहिले. मामांनी परवाना दाखवला, बोल्ट काढलेला दाखवला आणि हवालदाराला म्हणाले, "इधर आइए. इसमें से देखिए." तो गृहस्थ बराच वेळ खिळून राहिला. उठला तेव्हा चेहरा गंभीर.

"साहब," तो म्हणाला, "टंकी का ढक्कन टूटा हुआ है. इनको बोलना पड़ेगा, मच्छर हो जाएँगे."

आणि तो तक्रारदारालाच दम द्यायला निघून गेला.

मामांचा सगळा स्वभाव स्क्रूंमध्ये होता. दुर्बीण रायफलीवर दोन कड्यांत बसते, आणि प्रत्येक कड्याला स्क्रू. ते कधी एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जात नसत. ह्याला पाव फेरा, तिरक्या समोरच्याला पाव फेरा, मग पुन्हा ह्याला. "एका बाजूला सगळा जोर लावला की नळी पिळवटते. वरून दिसत नाही." हे तत्त्व ते कुकरच्या दांड्याला, माझ्या स्कूटरच्या चाकाला आणि माणसांनाही लावत. वृंदाचं आणि माझं भांडण झालं की गच्चीवर येऊन आळीपाळीने दोघांना थोडं थोडं रागावत. पाव फेरा तिला, पाव फेरा मला. त्या नादात आम्ही भांडण विसरत असू. मामी म्हणत, "मला मात्र एकदाच आवळली. तेव्हापासून गंजलेय."

वाकडं त्यांना बघवत नसे. एकदा कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या अतिथीगृहात आम्ही सगळे पिठलं-भाकरी खायला गेलो. गावाकडचे कोणी सचिव आले होते, त्यांनी बोलावलं होतं. जेवणाच्या दालनात एका थोर पुरुषाची तसबीर होती. मामांनी पहिला घास घेतला, तसबिरीकडे पाहिलं, घास खाली ठेवला. पुढच्या क्षणी ते खुर्चीवर उभे, मोजे घालून, आणि तसबीर सरळ करतायत. सचिव हातात भाकरी धरून थिजले. व्यवस्थापक धावत आला.

"क्या कर रहे हैं सर?"

"आपका काम," मामा म्हणाले, खाली उतरले आणि पिठलं गार झालं म्हणून कुरकुर करत जेवले. मी त्या दिवशी टेबलाखाली जायला जागा शोधत होतो. वृंदा आधीच तिथे होती, चमचा पडल्याच्या निमित्ताने.

पण सर्वांत मोठा धक्का मला रेंजवर बसला. मानेसरच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांच्या पोटात, एका निवृत्त कर्नलसाहेबांची परवान्याची रेंज होती. तिथे एका रविवारी मी कौतुकाने विचारलं, "मामा, तुमचा नेम कसा आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी कधी गोळी झाडलेली नाही."

मला वाटलं चेष्टा. पण मंजू बाजूला काडतुसं लावत होती, ती म्हणाली, "सच में, जीजू. बाबांनी एकदाही नाही."

"आवाज सहन होत नाही," मामा शांतपणे म्हणाले आणि कानात कापूस घातला. "नेम धरणं तिचं काम. फुली सरळ ठेवणं माझं."

अख्ख्या क्लबच्या दुर्बिणी ज्याने बसवल्या त्याने आयुष्यात चाप ओढला नव्हता. मी इतका चक्रावलो की कर्नलसाहेब "आप ट्राय कीजिए" म्हणाले तेव्हा नाही म्हणायचं सुचलंच नाही. मामांनी मला पालथं झोपवलं, खांद्याला रायफल लावून दिली. एका डोळ्यावर मामींचा रुमाल बांधला, कारण माझा तो प्रसिद्ध दोष. "डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब," ते म्हणाले. "रायफल मागे येते. चार बोटं म्हणजे चार." मी चार बोटंच ठेवली होती. पण चाप ओढताना लक्ष्य नीट दिसावं म्हणून जरा पुढे सरकलो.

भुवईवर चंद्रकोर उमटली. रक्ताची. सोमवारी ऑफिसात मी बाथरूममध्ये पडलो असं सांगितलं. वृंदाने सांगायला लावलं. मामा पट्टी बांधताना एवढंच म्हणाले, "जावईबापू, चार बोटं. दुर्बिणीपासून आणि सासुरवाडीपासून."

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती मंजूची आहे, आणि ती सांगताना मला अजूनही गंमत करता येत नाही.

मामा फुली सरळ आहे की नाही ते कसं ठरवत, हे आधी सांगायला हवं. त्यांचं घर आगगाडीसारखं होतं, एकामागे एक खोल्या, सगळी दारं एका रेषेत. पहिल्या खोलीत टेबलावर रायफल पाणसळीवर समतल ठेवायची. अगदी शेवटच्या खोलीत, मामींच्या पलंगापाशी, छताच्या कडीला दोरा बांधायचा आणि त्याला वजन लावायचं. पितळी ओळंबा सरकारजमा झाल्यामुळे वजन म्हणून मामींच्या ट्रंकेची छोटी किल्ली. मग इकडून दुर्बिणीत बघत, रायफलीवरची कडी सैल ठेवून, दुर्बीण हळूहळू फिरवायची. फुलीची उभी रेघ त्या दोऱ्यावर तंतोतंत बसली की स्क्रू पाव पाव फेऱ्याने आवळायचे. पंखा बंद असायचा. "पंखा बंद!" ही त्या घरातली आरोळी होती. दोरा स्थिर होईपर्यंत मामा श्वाससुद्धा हळू घेत.

मंजूला ओळंबा हा शब्द येत नसे. दिल्लीत वाढलेली मुलगी. ती "बाबांचा की-वाला धागा" म्हणायची. मामा दर वेळी "ओळंबा!" म्हणून दुरुस्त करत आणि ती दर वेळी "हां, वही" म्हणे.

ती फार चांगली नेमबाज होती. कर्नलसाहेबांच्या क्लबचा संघ परदेशात लांब पल्ल्याच्या स्पर्धेला जाणार होता, आणि संघातली जागा जूनच्या चाचणीवर ठरायची. चाचणीत शंभर, दोनशे आणि तीनशे मीटरवर नेम धरायचा, सरावाची गोळी नाही. मामा निवृत्त झाले त्या वर्षी मंजूचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. त्या चाचणीत ती शंभरावर पहिली, दोनशेवर बरी आणि तीनशेवर घसरली. गोळ्या सगळ्या एकत्र, पण मधल्या वर्तुळापासून दोन बोटं उजवीकडे. पुढच्या वर्षी तेच. तोच गठ्ठा, तीच दोन बोटं, तेच उजवं अंग.

मामांनी कागद हातात धरून निकाल दिला. "शंभरावर बरोबर, म्हणजे दुर्बीण बरोबर. तीनशेवर उजवीकडे, म्हणजे तू घाबरतेस आणि चापाला झटका देतेस. दोष तुझ्या बोटात आहे."

"बाबा, बाजूची खुंटी थोडी फिरवून बघू का? डावीकडे?"

"नाही." दुर्बिणीच्या वरच्या खुंटीने नेम वर-खाली होतो, बाजूच्या खुंटीने डावी-उजवीकडे. त्या बाजूच्या खुंटीच्या फटीवर त्यांनी मामींच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता, ती कोणी फिरवली तर कळावं म्हणून. "खोड खुंटी फिरवून झाकायची नसते. बोट सुधार."

तिने सुधारायला घेतलं. रोज ऑफिसातून आली की रिकामी रायफल खांद्याला, नळीवर रुपयाचं नाणं, आणि चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. मी बरसातीकडे जाताना ती दिसायची, जमिनीवर पालथी, घामाने निथळलेली. टक. टक. टक.

मामी एकदा म्हणाल्या, "अहो, नाणं तर पडत नाही तिचं."

"इथे नाही पडत. रेंजवर पडतं."

"रेंजवर नाणं ठेवून पाहिलंत?"

"तू तुझं बघ."

तिसऱ्या उन्हाळ्यात कर्नलसाहेबांनी सांगून टाकलं की यंदा ठरेल तोच संघ, पुढे नवीन पोरं घेणार. मंजू घरी येऊन म्हणाली, "यंदा नाही झालं ना, तर बस. रायफल विकून टाकते. बोटच असं असेल तर क्या फ़ायदा?" ती हे रडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

चाचणीच्या आधीच्या रविवारी मामांनी दस्तुरानुसार दुर्बीण पूर्ण सोडवली आणि पुन्हा बसवायला घेतली. दुपार होती. बाहेर लू, उन्हाचा झोंबरा वारा. मला त्यांनी शेवटच्या खोलीत दोऱ्याशेजारी उभं केलं होतं, तो हलतोय का ते सांगायला. ही कामगिरी मी आनंदाने पत्करली होती, कारण त्या खोलीच्या उजव्या खिडकीत कूलर होता. मामांच्या निवृत्तीनंतर मामींनी हट्टाने आणलेला. "आता तुम्हीही दिवसभर घरात, मीही घरात, थंडावा नको का?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि पंखा बंद झाला तरी कूलर बंद होणार नाही असा तह झाला होता. मामांनीही तो मान्य केला. पंखा दोरा झुलवतो, कूलर झुलवत नाही, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

"हलतोय का?" पहिल्या खोलीतून आवाज आला.

"अजिबात नाही, मामा." माझा शर्ट वाळ्याच्या वासात फडफडत होता. मामी पलंगावर पडल्या होत्या, वृंदा त्यांच्या पायाशी आंबे चिरत होती.

"धरा तसंच. रेघ बसतेय... बसली. आता आवळतो."

तेवढ्यात वीज गेली.

करोल बागेत जूनमध्ये वीज जाणं ही काही बातमी नव्हे. कूलरची घरघर खाली खाली जात थांबली. मामी "गेली मेली" म्हणाल्या. आणि माझ्या नाकासमोर ती किल्ली हळूच उजवीकडे सरकली. कोणी ढकलल्यासारखी नव्हे, तर कोणीतरी आजवर तिचा हात धरून ठेवला होता आणि आता सोडला, तशी. थोडी झुलली आणि नव्या जागी थांबली.

"कोणी हात लावला?" मामा ओरडले.

"नाही मामा."

"मग दोरा चालतोय कसा?"

माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो गारव्याने नव्हता, कारण गारवा संपला होता. वीज लगेच परत आली. कूलर घरघरला. किल्ली पुन्हा डावीकडे कलली आणि तिथे उभी राहिली. इतकी शांत, इतकी ठाम की बघणाऱ्याला तीच खरी वाटावी.

"बंद करा कूलर," मामांचा आवाज आला. मी बंद केला. "चालू करा." केला. "बंद." मामी उठून बसल्या. वृंदाच्या हातातली सुरी तशीच राहिली. दर वेळी दोरा जायचा आणि यायचा. पंखा त्याला झुलवायचा म्हणून मामांना कळायचा. कूलरने त्याला नुसतं एका बाजूला टेकवून ठेवलं होतं. स्थिर आहे म्हणजे सरळ आहे, असं त्या इतक्या काटेकोर माणसाने धरलं होतं.

आम्ही तिघं पुढच्या खोलीत गेलो. मामा टेबलाखाली जमिनीवर बसले होते. आयुष्यात मी त्यांना खुर्ची सोडून जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. मंजू आतून टॉवेलने केस पुसत आली.

"क्या हुआ? बाबा, असे का बसलात?"

"मंजू, तुझं बोट..."

"माहीत आहे, बाबा. अजून झटका बसतो. मी प्रॅक्टिस करतेय ना."

"बसत नाही," मामा म्हणाले. "कधीच बसला नाही."

तिला कळलं नाही. त्यांनी तिला दुर्बिणीत बघायला लावलं, मी मागे जाऊन कूलर चालू-बंद केला. मग मामा एकेक शब्द जागेवर ठेवत बोलले. "फुली तिरकी बसली होती. शंभरावर कळत नाही, कारण तिथे आपण नेम जुळवूनच घेतो. तीनशेसाठी वरची खुंटी चढवली की गोळी नुसती वर जात नाही, तिरक्या रेघेवरून जाते. वर, आणि थोडी उजवीकडे. दोन बोटं."

"कधीपासून?"

"कूलर आल्यापासून."

मंजूने टॉवेल खुर्चीवर ठेवला. "बाबा, मी डॉक्टरकडे गेले होते," ती म्हणाली. "नसांच्या. हाताला वायरी लावून बघितलं त्यांनी. तुम्हाला नाही सांगितलं. मला वाटलं, माझ्या बोटातच कुछ गड़बड़ है. ते म्हणाले, बिल्कुल ठीक आहे. मी त्यांना म्हटलं, नीट बघा, माझे बाबा कधी चुकत नाहीत."

मामींनी तोंडाला पदर लावला. आपण एखाद्या माणसाला फक्त विक्षिप्त समजत असतो, त्याच्या गमती चारचौघांत सांगत असतो, आणि त्याच गमतींपायी घरातलंच कोणीतरी आपलं बोट डॉक्टरला दाखवायला एकटं गेलेलं असतं, याचा अंदाज आम्हाला कोणालाच नव्हता.

मंजूने मामांच्या हातातली स्क्रूची किल्ली काढून घेतली. "आता तुम्ही हात लावायचा नाही," ती म्हणाली. मामींनी न सांगता जाऊन कूलर बंद केला आणि तापलेल्या खोलीत वर्तमानपत्राने वारा घेत बसून राहिल्या. मंजूने नखाने नेलपॉलिशचा ठिपका खरवडून काढला, कडी सैल केली आणि एकटीने दुर्बीण बसवली. मामा मधल्या खोलीच्या दारात उभे होते. दोनदा त्यांचा हात पुढे आला, दोनदा त्यांनी तो मागे घेतला. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात बापलेकींत बोलणं नव्हतं. मंजू एकटीच रेंजवर जाऊन शंभरावर नेम जुळवून आली. मामा मात्र दिवसभर घराबाहेर. मला वाटलं, लाजेने. मग क्लबातल्या एकाचा मला ऑफिसात फोन आला. "आपके मामाजी की तबीयत ठीक है न? हमारे घर आए थे. बोले, आपकी दुर्बीन मैंने टेढ़ी लगाई है, माफ़ कीजिए." उन्हाळ्यात ज्यांच्या ज्यांच्या दुर्बिणी बसवल्या, त्या प्रत्येकाच्या दारात ते जाऊन आले होते. त्यातल्या बहुतेकांनी कधी शंभर मीटरच्या पलीकडे गोळी झाडली नव्हती. त्यांना काही फरकच पडला नव्हता. कर्नलसाहेब तर वैतागले. "अरे साहब, किसी को पता भी नहीं था. आप क्यों बताते फिर रहे हैं?"

"मुझे पता है न," मामा म्हणाले. मग त्यांनी मंजूच्या मागच्या दोन चाचण्यांतल्या चुका आपल्या नावावर धराव्यात अशी विनंती केली. कर्नलसाहेब म्हणाले, पुराना स्कोर पुराना है, लड़की को कहिए इस बार मारे.

चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मामी आयुष्यात पहिल्यांदा रेंजवर आल्या आणि पहिल्याच गोळीला माझ्या दंडात नखं रुतवली. शंभरावर मंजू पहिली. दोनशेवर दुसरी. तीनशेच्या आधी तिने वरची खुंटी चढवली. टिक, टिक, टिक. पालथी झोपली. मामा सगळ्यांच्या मागे, कानात कापूस, पाठीवर हात. तिच्या शेवटच्या गोळीनंतर कागद आणायला माणूस गेला. तो परत येईपर्यंत वृंदा काहीतरी पुटपुटत होती. बहुधा गणपतीला नाही, विजेच्या खात्याला धन्यवाद देत होती.

कर्नलसाहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "वेल, टीम मिल गई."

आम्ही ओरडलो. मी एका अनोळखी माणसाला मिठी मारली. मंजू हसली नाही. तिने कर्नलसाहेबांच्या हातातून कागद घेतला आणि सरळ मागे मामांकडे चालत गेली. तो त्यांच्यापुढे धरला. भोकांचा गठ्ठा मधल्या वर्तुळात बसला होता, बरोब्बर मधोमध. एकच भोक जरा बाजूला.

आता ती काय बोलणार, आणि ते काय सांगणार? मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. कागद उन्हाकडे धरला. बराच वेळ बघितला. मग त्या एकट्या भोकावर बोट ठेवलं.

"ही डावीकडे गेली," ते म्हणाले. "हा मात्र चापाचा झटका."

मामींनी कपाळावर हात मारला. वृंदा "मामा!" म्हणून किंचाळली. मी मंजूकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकलो.

मंजूने वाकून ते भोक जवळून पाहिलं. मग हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हो, बाबा," ती म्हणाली. "ती माझी."